उत्सर्जन घोटाळ्यात परत बोलावलेली जुनी डिझेल गाडी : विकावी, ठेवावी की दुरुस्त करून घ्यावी?

प्रश्न : वर्धामार्गी, मनीष नगर

सर्वांना नमस्कार. प्रश्न थोडा लांब आहे, पण तपशिलाशिवाय नेमके उत्तर मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्याकडे २०१३ साली पुण्यात प्रथम नोंदणी झालेली एक डिझेल गाडी आहे. मी ती २०१९ मध्ये नागपुरातल्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून घेतली आणि इथल्या आरटीओत माझ्या नावावर करून घेतली. नोकरीसाठी रोज वर्ध्याला जाणे-येणे होते, त्यामुळे डिझेल परवडेल असा साधा हिशेब होता, आणि तो चुकला नाही. इतक्या वर्षांत गाडीने मला एकदाही रस्त्यात उभे केले नाही. आता माझी बदली शहरातच झाली असल्याने मी ती विकायला काढली. काटोलच्या एका शिक्षकांनी ती पाहिली, चालवून बघितली, किंमतही ठरली. इसार देण्याच्या आदल्या दिवशी मात्र त्यांचा फोन आला. त्यांच्या भाच्याने चेसिस नंबरवरून चौकशी केली, तेव्हा असे निघाले की उत्सर्जनाच्या म्हणजे धुरातल्या वायूंच्या चाचणीत सॉफ्टवेअरने फसवल्याच्या प्रकरणात कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांमध्ये ही गाडी आहे आणि तिच्यावरचे सॉफ्टवेअर बदलण्याचे काम आजतागायत झालेले नाही. ‘हे तुम्हाला ठाऊक होते का?’ असे त्यांनी अगदी शांतपणे विचारले. मला खरोखरच ठाऊक नव्हते, पण त्यांना ते पटले असेल असे मला वाटत नाही, आणि ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे.

परत बोलावल्याचे पत्र पुण्याच्या पहिल्या मालकाला गेले असावे. विक्रेत्याने मला काहीही सांगितले नव्हते. कागद पूर्ण हातात नसताना नाव घेणे योग्य नाही, म्हणून कंपनीचे आणि विक्रेत्याचे नाव मी इथे लिहीत नाही.

आता मला तीन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. बारा वर्षांच्या गाडीवर ते सॉफ्टवेअरचे काम आता करून घ्यावे की नाही, कारण त्यानंतर गाडीचे ॲव्हरेज आणि पिकअप जाते असे बरेच जण सांगतात. दुसरे, परदेशात अशा मालकांना मोठ्या रकमा मिळाल्याचे वाचले होते, तर आपल्याकडे माझ्यासारख्या दुसऱ्या मालकाला काही मागता येते का? आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त सतावते आहे. मी दरवर्षी न चुकता पीयूसी काढले, आणि गाडी दर वेळी पास झाली. रोज सकाळी ती अंगणात सुरू करून पाच मिनिटे तशीच ठेवायची मला सवय होती, आणि त्याच अंगणात माझे वडील खाट टाकून बसत. त्यांना दम्याचा त्रास आहे. त्या प्रमाणपत्राला मग काय अर्थ होता?

उत्तर १ : निवृत्त मापनिस, लक्ष्मी नगर

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर कळले की पहिल्याचे आपोआप मिळेल. माझी सारी नोकरी हवेतील प्रदूषण मोजण्यात गेली, त्यामुळे या विषयावर थोडे अधिकाराने बोलू शकतो.

पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीची जी तपासणी होते, तिच्यात केवळ धुराची घनता मोजली जाते. गाडी जागेवर उभी असते, ॲक्सिलरेटर दाबला जातो, सायलेन्सरमध्ये नळी घातलेली असते, आणि धुरातून प्रकाश किती अडतो हे यंत्र सांगते. उत्सर्जन घोटाळ्याचा विषय मात्र नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा होता, आणि हे वायू त्या यंत्राला दिसतच नाहीत. तुमचे प्रमाणपत्र खोटे नव्हते. ज्या गोष्टीची तपासणीच झाली नाही, तिच्याविषयी ते काही सांगू शकत नव्हते, इतकेच. तुम्ही तुमचे कर्तव्य केले होते, हे मी मुद्दाम लिहितो.

तुमची गाडी कोणत्या कंपनीची आहे हे मी विचारत नाही. ज्या प्रकरणाचे तपशील जगजाहीर आहेत, त्यावरून सांगतो. डिझेल इंजिनात ज्वलनाचे तापमान जितके जास्त, तितके हे ऑक्साइड अधिक तयार होतात. ते कमी करण्यासाठी ईजीआर नावाची व्यवस्था असते, जी सायलेन्सरकडे निघालेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात सोडते आणि तापमान खाली आणते. पण असे केले की काजळी वाढते, आणि ॲव्हरेज व पिकअप यांवरही थोडा परिणाम होतो. फोक्सवॅगनच्या ईए १८९ या डिझेल इंजिनांच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय केलेली होती की गाडी प्रयोगशाळेतल्या रोलरवर चालते आहे, हे तिला कळावे. तिथे चाके फिरतात, पण स्टिअरिंग हलत नाही, आणि वेगाचा चढउतारही ठरलेल्या तक्त्याप्रमाणे होतो. या खुणा ओळखून गाडी तेवढ्यापुरती शिस्तीत वागत असे आणि रस्त्यावर आली की ती शिस्त सोडून देत असे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी डिकीत मोजणीयंत्र ठेवून गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवल्या, तेव्हा ही तफावत उघडी पडली. १८ सप्टेंबर २०१५ रोजी तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीला नोटीस दिली. तिथल्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत उत्सर्जन होत असल्याचे त्या नोटिशीत म्हटले होते, आणि जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या असल्याचे कंपनीने स्वतः मान्य केले.

भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहने तपासणाऱ्या संस्थेने चाचण्या घेतल्या. रस्त्यावरचे उत्सर्जन भारत स्टेज ४ या तेव्हाच्या उत्सर्जन मानकाच्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने फोक्सवॅगन, स्कोडा व ऑडी या तिन्ही नावांच्या मिळून ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावल्या. हे काम विनामूल्य व्हायचे होते. आपल्याकडचे नियम मोडलेले नाहीत, कारण इथली चाचणी प्रयोगशाळेतच होते आणि तिथे गाड्या उत्तीर्ण झालेल्या आहेत, अशी कंपनीची भूमिका होती. नियमाच्या भाषेत या युक्तिवादात काही अर्थ असेलही, पण ज्याने तो धूर श्वासावाटे घेतला त्याला तो सांगून पाहावा.

या प्रकरणाचा आपल्या शहराशीही संबंध आहे. राष्ट्रीय हरित लवादाने नुकसानीचा अंदाज काढण्यासाठी जी समिती नेमली, तिच्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ, अवजड उद्योग मंत्रालय आणि एआरएआय यांच्याबरोबर नेहरू मार्गावरच्या आपल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचाही प्रतिनिधी होता. समितीने दिल्ली शहर आधाराला धरून असा अंदाज मांडला की या गाड्यांमुळे २०१६ साली तिथे सुमारे ४८.६७८ टन नायट्रोजन ऑक्साइड हवेत गेले, आणि आरोग्याच्या नुकसानीची किंमत १७१ कोटी ३४ लाख रुपये ठरवली. हा सारा हिशेब दिल्लीच्या हवेचा होता. नागपूरच्या हवेचा असा हिशेब त्या प्रकरणात मांडला गेला नाही.

आता तुमच्या एका गाडीचे गणित करू. भारत स्टेज ४ मध्ये डिझेल मोटारीला नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती. वर्षाला १२,००० किलोमीटर धरले, तर मर्यादेत राहणारी गाडी ३ किलो सोडेल आणि २.६ पट सोडणारी ७.८ किलो. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्यांपुढे हा आकडा काहीच नाही, असे म्हणणारे भेटतील. परंतु चिमणी उंचावर असते आणि सायलेन्सर जमिनीपासून हातभर अंतरावर असतो. सीताबर्डीच्या चौकात सिग्नलला उभ्या असलेल्या दुचाकीस्वाराला किंवा अंगणात खाटेवर बसलेल्या माणसाला तो धूर विरळ होण्याआधीच मिळतो. दम्याच्या रुग्णाला नायट्रोजन डायऑक्साइड बाधतो, हे वैद्यकशास्त्राला पक्के ठाऊक आहे. वडिलांचा त्रास तुमच्या गाडीमुळेच झाला किंवा वाढला, असे मात्र कोणीही म्हणू शकणार नाही, आणि तुम्हीही तसा दोष स्वतःकडे घेऊ नका. गाडी अंगणात सुरू ठेवण्याची सवय तेवढी आजपासून बंद करा. त्या इंजिनाला पाच मिनिटे तापवण्याची गरजही नसते.

माझे मत असे आहे की काम करून घ्यावे. गाडी कोणाच्याही नावावर असली तरी ती चालणार याच रस्त्यांवर आहे.

उत्तर २ : मानकापूर गॅरेजवाले

वरच्या सरांविषयी आदर ठेवून मी वेगळे लिहितो आहे. माझे मानकापूरला गेली अठरा वर्षे गॅरेज आहे आणि निम्म्याहून अधिक काम डिझेल गाड्यांचेच असते. परत बोलावून सॉफ्टवेअर बदललेल्या चार गाड्या माझ्याकडे नियमित येत असत. त्यांतल्या दोघांची तक्रार होती की कमी वेगात गाडी जड वाटते, एकाचे ॲव्हरेज लिटरला किलोमीटर-दीड किलोमीटरने घटले, आणि एका गाडीचा ईजीआर व्हॉल्व्ह वर्षभरात काजळीने जाम झाला. या साऱ्या तक्रारी मिळून तीन ग्राहकांच्या होत्या; चौथ्याला कसलाच फरक जाणवला नाही. चार गाड्यांवरून सर्व गाड्यांविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हे मलाही कळते, पण ज्याच्या खिशातून व्हॉल्व्हचे पैसे गेले त्याच्यासाठी ती एकच गाडी असते.

कारण सरांनी सांगितलेच आहे. आधी जो ईजीआर रस्त्यावर थोडे काम करत होता, तो आता अधिक काम करू लागतो. नव्या गाडीला ते सहज झेपते. बारा वर्षांच्या गाडीत इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, आधीच काजळीचे थर बसलेले असतात, आणि त्यातच शहरातल्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या असल्या तर इंजिन पुरते गरमही होत नाही. वर्धा रोडवर रोज दीडशे किलोमीटर पळणाऱ्या गाडीला हा त्रास कमी होईल, काटोलच्या गुरुजींची गाडी गावातल्या गावात फिरणार असेल तर जास्त होईल. विकणाऱ्याने हेही सांगायला हवे, असे मला वाटते.

म्हणून माझा सल्ला असा की काम करून घ्यायचेच असेल, तर आधी ईजीआर व्हॉल्व्ह, त्याचा कूलर आणि मॅनिफोल्ड उघडून साफ करून घ्या, इंजिन ऑइल बदला, आणि मगच सॉफ्टवेअर टाकायला गाडी पाठवा. सर्व्हिस सेंटरवाले हे आपणहून करणार नाहीत, कारण परत बोलावण्याच्या कामात ते बसत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण या धंद्यात ती सर्रास चालते. ईजीआरच्या तोंडावर पत्र्याची प्लेट मारून तो कायमचा बंद करून देणारे लोक आहेत. गाडी हलकी पळते, ग्राहक खूश होतो, आणि पीयूसीतही काही कळत नाही. माझ्याकडे असे काम मागायला आलेल्यांना मी परत पाठवतो. कंपनीने चोरून जे केले तेच आपण उघडपणे करायचे असेल, तर मग कंपनीला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही. तुमची गाडी दोन हातांतून आली आहे, तेव्हा आधीच्या मालकाने अशी प्लेट मारलेली नाही ना, हे व्हॉल्व्ह उघडल्यावर नक्की पाहा. दिल्लीत दहा वर्षे झालेल्या डिझेल गाड्या रस्त्यावर चालवायला बंदी आल्यापासून ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन ज्या गाड्या विदर्भात येतात, त्यांच्या बाबतीत तर मी हे सर्वांत आधी तपासतो.

उत्तर ३ : ग्राहक वकील, सिव्हिल लाइन्स

मी ग्राहक आयोगात नियमित काम करते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फारसे सुखावह नाही, पण ते सरळ सांगणेच बरे.

परदेशातील रकमांविषयी तुम्ही वाचले ते खरे आहे. अमेरिकेत २०१६ साली झालेल्या तडजोडीनुसार दोन लिटर इंजिनाच्या सुमारे पावणेपाच लाख गाड्यांच्या मालकांना निवड देण्यात आली. गाडी कंपनीला परत द्यायची असेल, तर घोटाळा उघड होण्यापूर्वीची तिची किंमत आणि त्यावर साधारण ५,१०० ते १०,००० डॉलर इतकी भरपाई. गाडी ठेवायची असेल, तर दुरुस्ती आणि शिवाय भरपाई. जर्मनीत ग्राहक संघटनेने सामूहिक दावा लावला आणि २०२० च्या तडजोडीत मालकांना गाडीच्या वयानुसार १,३५० ते ६,२५७ युरो मिळाले. ब्रिटनमध्ये मे २०२२ मध्ये सुमारे ९१,००० दावेदारांसाठी १९ कोटी ३० लाख पौंडांवर तडजोड झाली.

तुमच्या स्थितीशी जुळणारे दोन निकाल जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचे आहेत. २५ मे २०२० रोजी त्या न्यायालयाने जुनी गाडी विकत घेतलेल्या एका ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. गाडी परत द्यावी आणि वापराचे पैसे वजा करून किंमत परत घ्यावी, असे ठरले. तेव्हा पहिला मालक नसणे ही तिथे अडचण ठरली नाही. मात्र पुढे ३० जुलै २०२० रोजी त्याच न्यायालयाने असे म्हटले की ज्याने घोटाळा सार्वजनिक झाल्यानंतर गाडी घेतली, त्याला ही भरपाई मागता येणार नाही. तुम्ही गाडी २०१९ मध्ये घेतली. तुम्ही जर्मनीत राहत असता तरीही याच मुद्द्यावर अडला असता.

भारतात मालकांना वाटण्यासाठी कोणतीही रक्कम ठरलेलीच नाही. हरित लवादाने नोव्हेंबर २०१८ मध्ये अंतरिम म्हणून १०० कोटी जमा करायला सांगितले आणि ७ मार्च २०१९ रोजी ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, पण तो पर्यावरणाच्या हानीबद्दल होता आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे भरायचा होता. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवर सक्तीची कारवाई करू नये, असा आदेश दिला. नोव्हेंबर २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील एका ग्राहकाने नोंदवलेला गुन्हा रद्द करावा ही कंपनीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. त्या पीठाचे नेतृत्व आपल्या नागपूरचे तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्याकडे होते. त्याचा अर्थ तपास चालू राहावा इतकाच होता. कंपनी दोषी ठरली असा नव्हे, आणि त्यातून इतर मालकांना काही मिळण्याचाही प्रश्न नव्हता.

कायदा असा रिकामा का राहिला, हे सांगायला हवे. २०१५ साली गाड्या परत बोलावण्याची सक्ती करणारी तरतूद आपल्या मोटार वाहन कायद्यात नव्हतीच. उद्योगाच्या संघटनेने २०१२ साली केलेली स्वेच्छा संहिता तेवढी होती. वास्तविक २०१३ मध्येच जनरल मोटर्सने शेव्हरोले टॅव्हेरा या १ लाख १४ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या आणि उत्सर्जन चाचणीत गैरप्रकार झाल्याचे त्या वेळी उघड झाले होते. म्हणजे इशारा आधी मिळालेला होता. कायद्यात कलम ११० अ आले ते २०१९ च्या दुरुस्तीने. त्यात पर्यावरणाला हानी पोहोचवणारा दोष असेल तरीही सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते, आणि उत्पादकाने पूर्ण किंमत परत करणे, गाडी बदलून देणे किंवा दुरुस्त करून देणे असे पर्याय आहेत. आपल्या गाड्यांसाठी हे फार उशिरा आले. एखादा रोग येऊन गेल्यावर दवाखान्याची पायाभरणी व्हावी, तसे झाले.

तुम्ही ग्राहक आयोगात जाऊ शकता का? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते, आणि उशिराला पुरेसे कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो. विक्रेत्याने माहिती लपवली हे तुम्हाला आता कळले, हा युक्तिवाद तुम्हाला करता येईल. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नागपुरातच करता येते, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. पण यातली अडचण अशी की विक्रेत्याला ही गोष्ट ठाऊक होती, हे तुम्हाला सिद्ध करावे लागेल. करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे केवळ गप्प राहणे ही फसवणूक ठरत नाही. बोलणे त्याचे कर्तव्य असेल, किंवा त्याचे गप्प राहणेच बोलण्यासारखे असेल, तरच ती ठरते. तुम्ही त्याला ‘गाडीवर कंपनीचे काही काम बाकी आहे का’ असे विचारले होते आणि त्याने ‘नाही’ म्हटले होते, असा एखादा मेसेज जुन्या फोनमध्ये असेल, तर मला कळवा. तसा पुरावा असेल तर चित्र पालटेल.

उत्पादकाविरुद्ध नव्या ग्राहक कायद्यातला उत्पादन दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या हानीच्या जबाबदारीचा, भाग वापरता येईल, असे काही जण सुचवतील. त्यात ‘हानी’ची जी व्याख्या आहे, तिच्यातून उत्पादनाची स्वतःची हानी आणि आर्थिक तोटा वगळलेला आहे. गाडीची किंमत घटली हे दुःख त्या व्याख्येत बसत नाही. माझ्याकडे आलेल्या माणसाला मी या आधारावर खर्चात पाडणार नाही.

आणि आता जी बाजू तुम्ही विचारली नाहीत, ती सांगते. परवापर्यंत तुम्ही अजाण होता, आज नाही. काटोलच्या शिक्षकांना माहीत झाले आहे म्हणून ठीक, पण हा व्यवहार फिसकटला आणि तिसरा कोणी आला, तर त्याने विचारण्याची वाट न पाहता त्याला लेखी सांगा.

उत्तर ४ : अमरावतीकर

माझ्याकडेही परत बोलावलेल्यांपैकी एक गाडी होती, आणि मी २०१७ मध्ये काम करून घेतले होते. ॲव्हरेज १९ वरून साडेसतराच्या आसपास आले. मी तक्रार केली, तेव्हा ‘तुमची चालवण्याची पद्धत बदलली असेल’ असे उत्तर मिळाले, आणि ते मला फार लागले, कारण मी टाकी पूर्ण भरून दर वेळी वहीत नोंद ठेवणारा माणूस आहे. तरीही केल्याचा पश्चात्ताप नाही. मागच्या वर्षी गाडी विकली, तेव्हा घेणाऱ्याने पहिला प्रश्न त्याच कामाचा केला आणि माझ्याकडे शिक्का मारलेला कागद होता. वर्धामार्गी यांनी सॉफ्टवेअर टाकण्याआधीच्या दोन टाक्यांचा आणि नंतरच्या दोन टाक्यांचा हिशेब मात्र जरूर लिहून ठेवावा. तोंडी सांगितलेल्या ॲव्हरेजला कोणी विचारत नाही.

उत्तर ५ : निवृत्त मापनिस, लक्ष्मी नगर

मानकापूरच्या भाऊंनी लिहिलेले मला मान्य आहे, आणि आधी सफाई करण्याचा त्यांचा सल्ला माझ्या उत्तरात असायला हवा होता. युरोपात १.२ आणि २.० लिटरच्या इंजिनांना केवळ सॉफ्टवेअर बदलले गेले, तर १.६ लिटरच्या इंजिनात हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे जाळीची एक लहान नळीही बसवली गेली. ही कामे अर्ध्या-एक तासाची होती. एका जाळीने आणि काही ओळींच्या सॉफ्टवेअरने जे साधत होते, ते सुरुवातीलाच का केले नाही, हा प्रश्न मला दहा वर्षे पडलेला आहे. त्याचे उत्तर ॲव्हरेज, पिकअप आणि सुट्या भागांचे आयुष्य यांत आहे, म्हणजे विक्रीच्या जाहिरातीत ज्या गोष्टी दाखवायच्या असतात त्यांत.

एक खुलासाही करतो. भारत स्टेज ४ हा टप्पा एप्रिल २०१० मध्ये प्रथम तेरा शहरांत लागू झाला. महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर त्यांत होती, नागपूर नव्हते. देशभर तो १ एप्रिल २०१७ पासून आला. तुमची गाडी पुण्याची असल्यामुळे तिचा टप्पा चार असणार. त्या काळात इथेच नोंदवलेली गाडी कोणाकडे असेल, तर तिच्या आरसीवर कोणता टप्पा आहे ते पाहूनच वरचे आकडे लावावेत. आणि प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी आपल्याकडे सक्तीची झाली ती १ एप्रिल २०२३ पासून. त्याआधी विकल्या गेलेल्या प्रत्येक डिझेल गाडीची, ती कोणत्याही कंपनीची असो, केवळ प्रयोगशाळेतलीच परीक्षा झालेली आहे. तिथल्या आपल्या चाचणीत गाडीचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर कधी जातच नसे. समृद्धी महामार्गावर तशी गाडी १२० ने पळते तेव्हा काय सोडते, हे त्या परीक्षेने कधी विचारलेच नाही.

उत्तर ६ : वर्धामार्गी, मनीष नगर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण मधल्या काळात कामे करून घेतली.

वकीलताई, जुना फोन शोधला. विक्रेत्याशी झालेले बोलणे सारे तोंडी होते. मेसेजमध्ये केवळ रकमेची आणि वेळेची चर्चा आहे. मी ‘कंपनीचे काही काम बाकी आहे का’ असे कधी विचारलेच नव्हते, कारण असे काही विचारायचे असते हेच मला माहीत नव्हते. त्यामुळे तो मार्ग मी सोडून दिला आहे.

मानकापूरच्या भाऊंच्या गॅरेजवर गाडी नेली. ईजीआर व्हॉल्व्ह उघडला, तेव्हा प्लेट नव्हती, पण काजळी इतकी होती की झडप अर्धीही मिटत नव्हती. सफाईला एक पूर्ण दिवस लागला. त्यानंतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. पहिल्या दिवशी ‘हे काम आता बंद झाले’ असे काउंटरवर सांगण्यात आले. मी चेसिस नंबर लिहून लेखी उत्तर मागितले, आणि दुसऱ्या दिवशी फोन आला की गाडी घेऊन या. काम विनामूल्य झाले आणि जॉब कार्डावर परत बोलावण्याच्या कामाचा उल्लेख मी आग्रहाने करून घेतला. अमरावतीकरांनी सांगितल्याप्रमाणे आधीच्या दोन टाक्यांचे ॲव्हरेज १८.२ आणि १८.४ असे लिहून ठेवले होते. नंतरच्या पहिल्या टाकीचे १७.६ आले. दुसरी टाकी अजून संपायची आहे.

काटोलच्या गुरुजींना मी जॉब कार्ड, सफाईचे बिल आणि ॲव्हरेजची नोंद असे सर्व दाखवले. गावातल्या गावात चालवल्यास व्हॉल्व्हला त्रास होऊ शकतो, हेही सांगितले. ते म्हणाले की त्यांना आठवड्यातून दोनदा नागपूरला यावे लागते, त्यामुळे गाडीला मोकळा रस्ता मिळेल. ठरलेल्या किमतीत त्यांनी १५,००० कमी करायला सांगितले आणि मी ते केले. विक्रीच्या कागदावर काय लिहावे, एवढेच आता विचारायचे आहे.

उत्तर ७ : ग्राहक वकील, सिव्हिल लाइन्स

गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० यांच्याबरोबर साध्या कागदावर एक निवेदन करा. उत्सर्जनाच्या कारणावरून ही गाडी उत्पादकाने परत बोलावलेली होती, ते काम अमुक तारखेला पूर्ण झाले, त्यानंतर ॲव्हरेजमध्ये घट नोंदली गेली आणि ही सर्व माहिती घेणाऱ्याला व्यवहारापूर्वी देण्यात आली, इतके त्यात असावे. खाली दोघांच्या सह्या, तारीख, आणि जॉब कार्डाची प्रत जोडलेली. मूळ जॉब कार्ड गुरुजींना द्या, कारण पुढे ते गाडी विकतील तेव्हा त्यांना ते लागेल, आणि २०२८ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर पुनर्नोंदणीसाठी गाडीची तपासणी होईल तेव्हाही ते सोबत असलेले बरे. दुसऱ्या टाकीचा आकडा आला की तोही त्यांना कळवा.